सुपरहिरो कॉमिक्स: गोष्ट सगळेच सांगतात, जरा चित्रांबद्दल बोलूया

घुमट (फोंडा)

सुपरहिरो कॉमिक्सवरची कुठलीही चर्चा उघडा, ती एकतर सिनेमावर घसरते, नाहीतर 'अमक्याची नि तमक्याची जुंपली तर कोण जिंकेल' यावर. लेखकाचं नाव निदान निघतं तरी. चित्रकाराचं क्वचित, आणि रंग भरणाऱ्याचं तर कधीच नाही. मला हे मनापासून खटकतं. कॉमिक्समधली गोष्ट चित्रातच घडते. चित्र बाजूला काढून ती सांगायला गेलं की उरतो नुसता सारांश, आणि सुपरहिरोंचे सारांश सगळे एका छापाचे असतात. म्हणून या पावसाळ्यात जे नवं वाचलं आणि जे जुनं परत काढलं, त्याबद्दल चित्रांच्या अंगानं लिहितोय. तुम्हीही लिहा.

सुरुवात 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन'पासून. साल १९८६, अंक २२७ ते २३३, लेखन फ्रँक मिलर, चित्रं डेव्हिड मॅझुकेली. मॅट मर्डॉक हा वकीलच मुखवट्याआडचा डेअरडेव्हिल. त्याची जुनी प्रेयसी कॅरन पेज नशेच्या एका डोसापायी हे गुपित विकते, ते गुन्हेगारांचा म्होरक्या किंगपिन याच्यापर्यंत पोचतं आणि तो मॅटचं घर, वकिली, पैसा, अब्रू सगळं एकेक करून काढून घेतो. एवढं सगळ्यांना माहीत असतं. आता पुस्तक हातात घ्या आणि सुरुवातीच्या अंकांची फक्त शीर्षकाची पानं पाहा. पहिल्यात मॅट स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर. दुसऱ्यात कुठल्याशा भिकार लॉजच्या खाटेवर अंग मुडपून. तिसऱ्यात गल्लीतल्या कचऱ्यात, पाय पोटाशी घेऊन. चौथ्यात परत खाट, पण आता कुणीतरी त्याला सांभाळतंय. आणि पाचव्यात तो उभा. माणूस कसा खचत गेला नि कसा सावरला ते या पानांत आलंय, संवादाचा एकही फुगा न वाचता. अंक महिन्या-महिन्यानं निघत होते, तेव्हा आधीचं पान वाचकाच्या लक्षात राहील असा भरवसा मॅझुकेलीनं ठेवला. वाचकावर एवढा विश्वास टाकणारा चित्रकार मला फार मोठा वाटतो.

त्यातच सिस्टर मॅगी ही नन जखमी मॅटला धरून बसलेली आहे ते चित्र. गोव्यात वाढलेल्या कुणालाही ते ओळखायला क्षणभरही लागणार नाही. सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, मांडीवर येशूचा देह, ही मूर्ती आपण इगर्जींत (चर्चमध्ये) लहानपणापासून पाहिलेली आहे, मग आपला देव कुठलाही असो. मॅगी ही मॅटची आई आहे हे पुस्तक नंतर सुचवतं. चित्रानं ते आधीच सांगून टाकलेलं असतं.

दुसरं, 'ऑल-स्टार सुपरमॅन'. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली, १२ अंक, २००५ ते २००८. सुपरमॅनची जन्मकथा पहिल्याच पानावर चार चौकटींत आणि इंग्रजी आठ शब्दांत संपते. याचं कौतुक सगळे करतात आणि ते रास्तच आहे. मला मात्र क्वाइटलीचा क्लार्क केंट, म्हणजे साध्या माणसाच्या वेषातला सुपरमॅन, जास्त आवडतो. हा माणूस चष्म्यामुळे वेगळा दिसत नाही. तो खांदे पाडून चालतो, पोट सोडतो, कपडे ढगळ घालतो, सारखा धडपडतो. आणि रस्त्यात एकाला धक्का देतो तो वेंधळेपणानं दिलेला वाटतो, पण नीट पाहिलं तर वरून पडणाऱ्या अवजड वस्तूखालून त्याला अलगद बाजूला केलेलं असतं. संवादात याचा उल्लेखही नाही. भरभर पानं उलटणाऱ्याच्या हातून हा सबंध माणूसच निसटतो.

'मिस्टर मिरॅकल' (टॉम किंग, मिच जेरॅड्स, २०१७-१८, हेही १२ अंक). जॅक कर्बीनं १९७१ मध्ये घडवलेला हा नायक कुठल्याही बेडीतून, पेटीतून, सापळ्यातून सुटतो. जेरॅड्स जवळजवळ प्रत्येक पान नऊ सारख्या चौकटींत कापतो. तीन गुणिले तीन, पानामागून पान. काही काळानं त्या चौकटीच गजांसारख्या दिसायला लागतात आणि मग कळतं की हा सुटकेचा उस्ताद नेमका कुठे अडकलाय. एका अंकात स्कॉट (हाच मिस्टर मिरॅकल) नि त्याची बायको बार्डा जीवघेणे सापळे चुकवत, पहारेकऱ्यांना लोळवत पुढे सरकतायत आणि पूर्ण वेळ त्यांचं बोलणं चाललंय ते घराच्या नव्या मांडणीचं. चित्रात रक्त, फुग्यात संसार. दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवणं कॉमिक्सलाच जमतं. सिनेमात कान एकीकडे गेले की डोळे दुसरीकडे राहतात.

आता ताज्यांबद्दल. 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' (स्कॉट स्नायडर, निक ड्रगोटा, ऑक्टोबर २०२४ पासून) मला वाटलं होतं त्याहून खूप बरं निघालं. इथे ब्रूसकडे, म्हणजे बॅटमॅनकडे, पैसा नाही, वाडा नाही. बाप शिक्षक होता, तो गेला. आई जिवंत आहे. ब्रूस इंजिनिअर आहे, शहराची रचना आतून ओळखणारा. ड्रगोटानं त्याला रेड्यासारखा रुंद काढलाय, चौकटीत मावत नाही असा, आणि छातीवरचं वटवाघूळ निघून त्याची कुऱ्हाड होते. बऱ्याच जणांना हे बटबटीत वाटतं. मला योग्य वाटतं. ज्याच्यामागे पैशाचं बळ नाही त्याला स्वतःचा देहच हत्यार करावा लागतो, आणि ते चित्रकारानं एका नजरेत पटवलंय.

त्याच मालिकेतली 'अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन' मात्र त्याहून सरस. केली थॉम्प्सन, हेडन शर्मन, रंग जॉर्डी बेलेअर. डायना, म्हणजे वंडर वुमन, इथे नरकात, सर्सी या जादूगारिणीच्या हाताखाली वाढते. शर्मनच्या पानात चौकटी सरळ रांगेत बसतच नाहीत. एक मोठी आकृती पान भरून आणि लहान चौकटी तिच्याभोवती. बेलेअरचे तांबडे-काळे रंग पाहताना नरक भीतीदायक वाटायच्या ऐवजी तिचं माहेर वाटायला लागतो. ही किमया रंगांची आहे. बेलेअरचं नाव मुद्दाम लक्षात ठेवा.

'अल्टिमेट स्पायडर-मॅन' (जोनाथन हिकमन, मार्को केकेत्तो, जानेवारी २०२४ पासून) चांगलं सुरू झालं. पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, संसारी, दोन मुलांचा बाप, बेनकाका जिवंत. पहिले काही अंक घरातल्या जेवणाच्या टेबलावरचे आहेत आणि केकेत्तो चेहरे सुरेख काढतो. पुढे माणसं वाढली नि वेग पडला. वाचावं, पण माझ्या कपाटात त्याला पहिल्या रांगेत जागा नाही.

---

बकुळी (म्हापसा)

चांगला विषय काढलास. 'हॉकआय' कसा राहिला? मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा. मी कर्णबधिर मुलांना शिकवते, त्यामुळे १९वा अंक माझ्यासाठी खास आहे. २०१४ चा. क्लिंटला, म्हणजे हॉकआयला, ऐकू येईनासं होतं, तेव्हा त्याच्यापुरते बाकीच्यांचे फुगे रिकामे काढलेत. काही ठिकाणी ओठांवरून अर्धंमुर्धं कळलेले शब्द तेवढे आहेत. आणि क्लिंट नि त्याचा भाऊ खुणांच्या भाषेत बोलतात ते हात शिकवणीच्या तक्त्यात असतात तसे नीट काढलेत, खाली भाषांतर नाही. ऐकू येणाऱ्या वाचकानं जरा वेळ बाहेर उभं राहावं, अशीच ती मांडणी आहे.

मी तो अंक वर्गात दाखवला. तिथली खुणांची भाषा अमेरिकेची, आपली भारतीय सांकेतिक भाषा वेगळी. त्यांची मुळाक्षरं एका हाताची, आपली इंग्रजी मुळाक्षरं दोन हातांची. मुलांना ते वाचता आलं नाही, पण हे बोलणं आहे हे त्यांनी लगेच ओळखलं. एका मुलानं रिकाम्या फुग्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या कानावर, आणि पुढचं पान उलटलं. त्याला काहीही समजावून सांगावं लागलं नाही.

---

रात्रपाळी (वास्को)

धागा आवडला, पण घुमटभाई, एका बाबतीत मी तुमच्याशी भांडणार. चित्र चित्र म्हणताना तुम्ही लेखकाला फारच मागे ढकललंत. 'बॉर्न अगेन'मध्ये बातमीदार बेन युरिक घाबरून गप्प बसतो आणि पुढे धीर गोळा करून लिहायला लागतो, हे मिलरचं लेखन आहे. मला त्या पुस्तकातलं तेच सगळ्यात जास्त लागलं. मॅझुकेली नसता तरी ते लागलंच असतं.

दुसरं, टॉम किंग. सगळे नायक खिन्न, सगळी पानं नऊ चौकटींची. एकदा वाचलं की थक्क व्हायला होतं, पुढच्या वेळी तीच युक्ती दिसते.

आणि तिसरं, परवडण्याचं. मी मोबाईलवरच वाचतो, एकेक चौकट मोठी करून. पाळीवर मोठं पुस्तक घेऊन बसता येत नाही आणि परदेशी पुस्तकांच्या किमती तुम्ही जाणताच. मग आम्ही चित्रं पाहतच नाही असं म्हणायचं का?

---

घुमट (फोंडा)

रात्रपाळी, नाही, असं मी म्हणणार नाही. मोबाईलवर चित्र दिसतं, बारकावे तर कधी कागदापेक्षा जास्त दिसतात. पण पान दिसत नाही. स्टीव्ह डिटकोचं उदाहरण देतो. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा ३३वा अंक, १९६६. स्पायडर-मॅन एका प्रचंड यंत्राखाली दबलाय, वरून पाणी गळतंय, मे काकूचं औषध हाताच्या अंतरावर पडलंय. सुरुवातीच्या चौकटी लहान, अरुंद. तो जोर लावतो, हरतो, परत लावतो. जसजसं यंत्र उचललं जातं तसतशी चौकट मोठी होते, आणि शेवटी सबंध पानभर एकच चित्र: यंत्र डोक्यावर पेललेला पीटर. चौकटीचा आकार हाच त्याचा जोर आहे. एकेक चौकट पडदाभर करून पाहिली तर सगळ्या सारख्याच मापाच्या दिसतात आणि डिटकोनं घडवलेला तो ताण पार निघून जातो. तुम्ही मोबाईलवरच वाचा, पण आधी अख्खं पान पडद्यावर घ्या, नजर फिरवा, मग आत शिरा.

किंगबद्दल निम्मं मान्य. पण 'सुपरगर्ल: वुमन ऑफ टुमारो' वाचलंत का? आठ अंक, २०२१-२२. चित्रं बिल्किस एव्हेली, रंग मातेउस लोपेस, दोघंही ब्राझीलचे. तिथे नऊ चौकटींचा मागमूस नाही. एव्हेलीची रेघ इतकी नाजूक आणि इतकी भरगच्च आहे की परग्रहावरचा बाजार, कपड्यांच्या घड्या, सुपरगर्लचे केस, सगळं पाहत राहावंसं वाटतं. किंगचंच लेखन, पण चित्रकार बदलल्याबरोबर त्याचा सूरही बदलला. माझा मुद्दा तोच आहे.

बेन युरिकचं तुमचं म्हणणं खरंय. पण त्याची मोडलेली बोटं आणि फोन कानाला धरून बसलेला त्याचा चेहरा तुम्हाला आठवतोय ना? तो मॅझुकेलीचा.

---

डिचोलकर

मी तुमच्या मानानं जुना वाचक. आमचं सगळं इंद्रजाल कॉमिक्सवर. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ मध्ये सुरू केलं, १९९० मध्ये बंद पडलं. मराठीतही निघायचं. ली फॉकचा फँटम आमच्याकडे वेताळ होऊन आला. त्याच्या ठोशानं अंगठीची कवटी जबड्यावर उमटली की ती पुसायची नाही, हे आम्ही शाळेत एकमेकांना शपथेवर सांगायचो.

घुमट यांचा चौकटींचा मुद्दा वाचून एक सांगावंसं वाटलं. इंद्रजालमधल्या गोष्टी मुळात वर्तमानपत्रांतल्या पट्ट्या. त्या कापून, जोडून, कधी चौकटी गाळून पुस्तकाच्या पानात बसवलेल्या असत. म्हणजे तुमचं ते 'पान' आमच्या वाट्याला आलंच नाही. तरी आम्ही वेडे झालो. आबिद सुरतींचा बहादूर १९७६ मध्ये आला, तो खास याच पुस्तकांसाठी घडवलेला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. कुर्ता आणि जीन्स घातलेला नायक, डाकूंशी लढणारा. त्याची पानं मोकळी वाटायची. का ते आज तुमचं वाचून कळलं.

दुसरं असं की, आमच्या डिचोलीच्या बाजूला, आमोण्याला, वेताळाचं देऊळ आहे. दक्षिणेत लोलयेला त्याची मोठी पाषाणमूर्ती आहे. वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरताना त्या झिजतात अशी लोकांची श्रद्धा. गोव्यातल्या पोराला हे ठाऊक असल्यावर रात्रभर शहराच्या छपरांवरून फिरणारा बॅटमॅन परका वाटणारच नाही. तो गोथमचा राखणदार. म्हणूनच मला बॅटमॅनच्या त्याच गोष्टी आवडतात ज्यांत तो गस्त घालतो, गल्ल्या नावानिशी ओळखतो. त्याला अंतराळात नेऊन परग्रहवाल्यांशी लढवतात तिथे माझं मन उडतं. राखणदारानं आपली सीमा सोडू नये.

---

बकुळी (म्हापसा)

डिचोलकर काका, वहाणांचं वाचून अंगावर काटा आला. तुम्ही 'बॅटमॅन: इयर वन' जरूर वाचा. १९८७, चार अंक, परत मिलर आणि मॅझुकेलीच, रंग रिचमंड लुइस यांचे. अख्खं पुस्तक गोथमच्या रस्त्यांवर आणि पोलीस चौकीत घडतं. त्यात पोलीस अधिकारी गॉर्डन बॅटमॅनइतकाच मोठा आहे, किंबहुना जास्तच. रंग मळकट, पिवळे, तपकिरी. एकही परग्रहवाला नाही.

---

कुळागर (केपे)

गर्दीच्या चित्रांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जॉर्ज पेरेझचं 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' (१९८५-८६) मी नुकतंच वाचलं. गोष्ट मला अर्धी कळली नाही, इतकी पात्रं आहेत. पण पेरेझ एका पानात पन्नास जणांना उभं करतो आणि प्रत्येकाचं तोंड वेगळं, उभं राहायची ढब वेगळी. मला आपले व्यंगचित्रकार मारियो मिरांडा आठवले. लोटलीच्या मारियोंनी काढलेला बाजार घ्या, तिआत्राचा (कोकणी नाटकाचा) प्रेक्षक घ्या, कोपऱ्यातलं कुत्रंसुद्धा आपल्याच कामात गुंतलेलं असतं. पणजीच्या मार्केटात त्यांची चित्रं भिंतीवर आहेत, भाजी घ्यायला गेलो की मी अजून थांबतो. ज्याला मारियो वाचायची सवय आहे त्याला पेरेझची पानं जड जाणार नाहीत. दोघांच्याही चित्रात नजर कुठूनही आत शिरली तरी चालते.

एक कामाचा प्रश्न: पावसात पुस्तकं कशी सांभाळता? माझ्या गुळगुळीत कागदाच्या दोन खंडांची पानं एकमेकांना चिकटली, सोडवताना काळा रंग निघून आला. जीव हळहळला.

---

घुमट (फोंडा)

कुळागर, मारियो-पेरेझ हे एकदम पटलं.

गुळगुळीत कागदाचा आपल्या हवेत हाच त्रास. मी जे करतो ते सांगतो. पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवायची नाहीत, मागे चार बोटं हवा खेळायला जागा. कपाटात घट्ट कोंबायची नाहीत. सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि ओल धरली की बदलायच्या. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी ठीक, पण पुस्तकाला टेकतील अशा ठेवू नका. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा प्रत्येक खंड काढून पानं भराभर सोडायची, म्हणजे आत वारा जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायची असतील तर उन्हाळ्यात, कोरडी असताना. जूनमध्ये बांधलीत तर ओल आतच कोंडेल. वर्तमानपत्री कागदाचे जुने अंक पिवळे पडतात, पण चिकटत नाहीत.

चिकटलेली पानं ओढू नका. कोरड्या खोलीत पंख्याखाली पुस्तक उभं, अर्धवट उघडं ठेवा, बरेच दिवस. काही आपणहून सुटतात. काळ्या रंगाची भरगच्च पानं बहुतेकदा जातातच, आणि सुपरहिरो कॉमिक्समध्ये नेमकी तीच जास्त.

---

रात्रपाळी (वास्को)

काल डिटकोचा तो अंक शोधून पाहिला, अख्खं पान पडद्यावर घेऊन. चौकटी वाढत जातात ते दिसलं आणि छान वाटलं. तरी माझं म्हणणं सोडत नाही. तो यंत्र उचलतो ते मे काकूसाठी, आणि काकूंचा जीव टांगणीला आहे हे आधी गोष्टीनं मनात पेरलं म्हणूनच ते पान उचललं जातं. त्या पानाआधीचं काहीच न वाचलेल्या माणसाला ते दाखवा, तो म्हणेल बरं चित्र आहे.

सुपरगर्ल यादीत घातलंय. नव्यानं वाचू पाहणाऱ्या माणसाला पहिलं काय द्यावं? धाकट्या भावाला द्यायचंय, सिनेमे सगळे पाहिलेत, पुस्तक एकही नाही.

---

घुमट (फोंडा)

आधीची गोष्ट लागते, हे मान्य. पण ज्यानं ती वाचली आहे त्याच्यासाठी डिटकोनं ते पान जसं काढलं तसं दुसऱ्या कुणी काढलं असतं तर आज साठ वर्षांनी आपण त्यावर भांडलो नसतो. इथे आपलं जमणार नाही आणि न जमलेलंच बरं, धागा चालू राहील.

भावाला 'हॉकआय'चा ११वा अंक द्या, २०१३ चा. पूर्ण अंक लकी नावाच्या कुत्र्याच्या नजरेतून आहे. माणसांचं बोलणं त्याला चार-दोन शब्द कळतं, बाकी फुग्यात नुसत्या रेघोट्या. माणूस समोर आला की त्याच्याभोवती खुणाचित्रं: कॉफीचा वास, रक्ताचा वास, हा ओळखीचा, हा नाही. खून होतो आणि कुत्रा वासावरून माग काढतो. सिनेमा पाहिलेल्या माणसाला पहिल्याच बैठकीत कळेल की हे पडद्यावर असं करता येणार नाही. आवडला तर पुढे 'ऑल-स्टार सुपरमॅन'. 'वॉचमेन' इतक्यात नको. सुपरहिरोंवरचं ते भाष्य आहे, आधी सुपरहिरोंवर जीव जडू दे.

माझ्याकडे 'हॉकआय'चा तो खंड आहे. पुढच्या आठवड्यात पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत येणार आहे, वास्कोहून बसनं सरळ याल. व्यक्तिगत निरोप पाठवा, वेळ ठरवू. कुळागर, तुमचे ते चिकटलेले दोन खंडही घेऊन या, बघूया किती पानं वाचतात.

---

कुळागर (केपे)

येतो. शनिवार चालेल का? बाकीचे दिवस बागेत सुपारीची कामं आहेत.